बिल कोणाच्या नावावर?

इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग करताना शोरूममधला विक्रेता मॉडेल आणि रंग लिहून घेतो आणि मग विचारतो, ‘बिल कोणाच्या नावावर काढायचं? तुमच्या की कंपनीच्या?’ समोरचा ग्राहक एखाद्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडचा संचालक असेल, तर बहुतेक वेळा ‘कंपनीच्या’ हे उत्तर तयारच असतं. त्यामागे तीन समजुती असतात. कंपनीला जीएसटी परत मिळतो, घसारा ४० टक्के मिळतो, आणि पैसा कंपनीचा गेला की आपल्या खिशाला झळ लागत नाही. यातली पहिली समजूत चुकीची आहे, दुसरी अर्धी खरी आहे आणि तिसरी किती खरी हे गाडी कशासाठी वापरली जाते यावर ठरतं. नावाचा निर्णय करबचतीच्या आकड्यावरून घेऊ नये, गाडीच्या वापरावरून घ्यावा, असं माझं मत आहे. वापर कंपनीचा असेल तर कंपनीच्या नावावर घेण्यात खरोखर फायदा आहे. वापर घरचा असेल तर त्या फायद्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही, कटकटी मात्र सगळ्या उरतात. हे आकड्यांनिशी दाखवता येतं. इथली गणितं आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांवर केलेली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आहे, त्यामुळे प्रत्यक्ष खरेदीआधी कलमं आणि रकमा आपल्या सीएकडून ताज्या करून घ्याव्यात.

आधी जीएसटी. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाडीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर छोट्या पेट्रोल गाड्यांवर १८ आणि मोठ्यांवर ४० टक्के कर आहे, इलेक्ट्रिकवर मात्र ५ टक्केच राहिला. ही सवलत गाडीला आहे, मालकाला नाही. कंपनीने घेतली काय किंवा शाळामास्तरांनी घेतली काय, दर तोच. कंपनीने भरलेले हे ५ टक्के इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळत नाहीत, कारण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांवरचं क्रेडिट रोखलं आहे. गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग शिकवणं हाच धंदा असेल तर ते मिळतं. अभियांत्रिकी सुटे भाग बनवणाऱ्या किंवा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीला नाही.

एका करात मात्र नावाने फरक पडायचा, आणि तो महाराष्ट्रात ठळक होता. आपल्याकडे पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर असेल तर किमतीनुसार ११ ते १३ टक्के मोटार वाहन कर लागतो. तीच कंपनीच्या नावावर पासिंग केली तर २० टक्के. म्हणून कित्येक कंपन्या पैसे आपले घालून गाडी संचालकाच्या नावावर घेत आल्या. राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने हा कर माफ केल्यामुळे इलेक्ट्रिक गाडीपुरतं ते कारण संपलं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला गेला होता, पण मुख्यमंत्र्यांनी त्याच अधिवेशनात तो मागे घेतला. अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची टोलमाफीही नाव पाहून दिली जात नाही.

आता ४० टक्के घसाऱ्याकडे वळू, कारण कंपनीच्या बाजूचा सगळा युक्तिवाद त्याच्याभोवती फिरतो. साध्या मोटारीला प्राप्तिकरात १५ टक्के घसारा मिळतो, विजेवर चालणाऱ्या वाहनाला ४० टक्के. १५ लाखांची गाडी धरू. पहिल्या वर्षी कंपनीच्या नफ्यातून ६ लाख वजा होतात. पेट्रोल गाडी असती तर सव्वादोन लाखच झाले असते. कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दरात असेल, म्हणजे अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के, तर पहिल्याच वर्षी दीड लाखाचा कर वाचतो. त्यासाठी गाडी त्या आर्थिक वर्षात किमान १८० दिवस वापरात हवी, नाहीतर घसारा निम्मा. मुहूर्तावर गाडी घेणाऱ्यांना ही अट जाणवते. ३१ मार्चपासून मागे मोजलं तर १८० दिवसांची रेघ ३ ऑक्टोबरला पडते. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर आलेल्या गाडीला पूर्ण ४० टक्के, आणि वीस दिवसांनी दिवाळी पाडव्याला आलेल्या गाडीला २०. उलट १९ मार्च २०२६ च्या गुढीपाडव्याला घेतलेल्या गाडीला वर्ष संपायला तेरा दिवस असतानाही २० टक्के घसारा मिळाला.

पाच वर्षांत ४० टक्क्यांनी १५ लाखांपैकी १३ लाख ८३ हजार वजा होतात आणि वह्यांत गाडीची किंमत उरते १ लाख १७ हजार. वाचलेला कर जवळजवळ ३ लाख ४८ हजार. हिशेब सहसा इथे थांबवला जातो. पण पाच वर्षांनी ती गाडी १ लाख १७ हजारांना कोणी मागणार नाही, तिची जास्तच किंमत येईल. ती ५ लाखांना गेली असं धरा. मग मधला ३ लाख ८३ हजारांचा फरक कंपनीचा अल्पकालीन भांडवली नफा होतो आणि त्यावर ९६ हजार कर लागतो. त्याच ४० टक्क्यांच्या गटात कंपनीचे संगणकही असतात. ते असतील तर वेगळा नफा दिसत नाही, पण विक्रीची रक्कम गटातून वजा होऊन पुढचा घसारा तेवढा घटतो. वाट वेगळी, परिणाम तोच. शेवटी हाती उरलेली करबचत २ लाख ५२ हजार, आणि हा आकडा म्हणजे गाडीच्या किमतीत खरोखर झालेल्या १० लाखांच्या घसरणीवरचा कर. १५ टक्क्यांनी घसारा काढला असता तरी, गटात इतर मालमत्ता असल्यास, उशिराने का होईना बेरीज इथेच येऊन थांबली असती. ४० टक्क्यांनी कर माफ होत नाही, तो पुढे ढकलला जातो. धंद्यात पैसा दोन वर्षं आधी हातात असणं मोलाचं असतं, मी ते नाकारत नाही. पण ते बिनव्याजी उधारीचं मोल आहे, बक्षिसाचं नाही.

विक्रीच्या वेळी आणखी एक कर येतो आणि तो फारसा कोणी सांगत नाही. जानेवारी २०२५ पासून जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याने जुनी गाडी विकली, तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांच्यातल्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो, इलेक्ट्रिक गाडीलाही. आपल्या उदाहरणात तो सुमारे ६९ हजार होतो. म्हणजे वेगवान घसाऱ्याने वह्यांतली किंमत जितकी खाली नेली, तितका हा फरक रुंदावला. व्यक्तीने स्वतःची घरगुती वापराची गाडी विकली तर तिला हा जीएसटी नाही आणि भांडवली नफ्याचा करही नाही, कारण वैयक्तिक वापराची मोटार भांडवली मालमत्तेत मोडत नाही.

तर मग कंपनीच्या नावावर घेण्यात फायदा कुठे आहे? तो आहे, आणि तो पैसा कुठे पडलाय यातून येतो. कंपनीच्या खात्यातला पैसा संचालकाचा नसतो. एकट्याची किंवा नवरा-बायकोची कंपनी असली की हे मनाला पटत नाही, पण कायदा याबाबत पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मुंबईच्या बाचा गुझदर यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. चहाच्या कंपन्यांच्या नफ्यातला ६० टक्के भाग शेतीउत्पन्न म्हणून करमुक्त होता, म्हणून आपल्या लाभांशाचाही तेवढा भाग करमुक्त धरावा, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. कंपनीच्या मालमत्तेत भागधारकाला कोणताही वाटा नसतो, कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, हे त्यामागचं तत्त्व. त्यामुळे तो पैसा घरी आणायचा तर पगार किंवा लाभांश म्हणून, कर भरूनच आणावा लागतो.

३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या संचालकाला उपकर धरून ३१.२ टक्के कर पडतो. हातात १५ लाख यायचे तर जवळजवळ २१ लाख ८० हजार पगार काढावा लागेल. या पगाराची वजावट कंपनीला मिळते, ती धरूनही कंपनीवरचा निव्वळ भार १६ लाख ३१ हजार होतो. कंपनीने थेट गाडी घेतली तर १५ लाख. म्हणजे सुरुवातीलाच १ लाख ३१ हजारांचा फरक. त्यात घसाऱ्याची निव्वळ बचत २ लाख ५२ हजार मिळवा, विक्रीवरचा जीएसटी वजा करा. शिवाय विक्रीचे ५ लाख कंपनीच्या खात्यात पडतात, तुमच्या नाही. ते घरी आणण्याच्या कराचे ४४ हजारही वजा करा. पाच वर्षांत कंपनीच्या बाजूने साधारण २ लाख ७० हजार उरतात. गाडी कर्जावर असेल तर आणखी थोडे: ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी १२ लाख घेतले तर व्याज २ लाख ९५ हजार होतं, आणि कंपनीला त्याची वजावट मिळाल्याने सुमारे ७४ हजारांचा कर वाचतो.

आता या २ लाख ७० हजारांपुढे वापराचा प्रश्न येतो. कंपनीची गाडी संचालक स्वतःसाठी वापरतो तेव्हा त्या सोयीचं मूल्य त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. याला पर्क्विझिट म्हणतात. गाडी काही कंपनीच्या आणि काही घरच्या कामाला वापरली जात असेल आणि खर्च कंपनी करत असेल, तर २०२५-२६ मध्ये लागू असलेल्या १९६२ च्या प्राप्तिकर नियमांत हे मूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये आणि त्यावरच्या इंजिनाला २,४०० रुपये होतं. ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. इलेक्ट्रिक गाडीला लिटरच नाहीत. रस्त्यावरची गाडी बदलली तरी नियमाचे शब्द पेट्रोलच्या काळातले राहिले, हे त्यात ढळढळीत दिसत होतं. १,८०० धरले तर वर्षाला २१,६०० उत्पन्नात मिळतात, कर सुमारे ६,७००, पाच वर्षांत ३४ हजार. फायदा अजूनही २ लाख ३६ हजारांच्या घरात राहतो.

पण गाडी निव्वळ घरचीच असेल, मुलांना क्लासला सोडणं, गावी जाणं, लग्नकार्यं, तर हिशेब पार उलटतो. तेव्हा गाडीच्या किमतीच्या १० टक्के दरसाल, म्हणजे दीड लाख, आणि वर गाडीवरचा सगळा चालू खर्च, एवढं उत्पन्नात धरलं जातं. नुसत्या दीड लाखावर वर्षाला ४६,८०० कर, पाच वर्षांत २ लाख ३४ हजार. २ लाख ७० हजारांतून ते गेले की उरतात ३६ हजार, महिन्याला ६०० रुपये. सीएची जादा फी आणि कर्जाची कागदपत्रं यांतच ते संपतात.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, की घरची गाडी ‘संमिश्र वापराची’ म्हणून दाखवता येते, सगळे तसंच करतात. करत असतील. पण वापर खोटा दाखवून मिळालेला फायदा हा कंपनीच्या नावाचा फायदा नव्हे, आणि चौकशीची नोटीस आल्यावर पुरावा संचालकालाच द्यावा लागतो. गाडी फक्त कंपनीच्या कामाची आहे असा दावा करायचा तर तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च लिहिलेलं लॉगबुक आणि कंपनीचं प्रमाणपत्र नियमातच मागितलं आहे. संमिश्र वापरालाही लॉगबुकच उपयोगी पडतं. ‘१२ तारीख, मीटर १४,२१० ते १४,२६२, चाकणच्या ग्राहकाकडे नमुने दाखवायला’ अशी एक ओळ त्याच दिवशी लिहिलेली असेल तर ती दहा खुलाशांपेक्षा मोलाची ठरते. घर ते कचेरी हा प्रवास आपल्या कायद्यात खासगी लाभ धरला जात नाही, तेवढी मोकळीक आहे. इलेक्ट्रिक गाडीत मात्र एक नवी अडचण आहे. पेट्रोल पंपावर पावती मिळते. घरच्या सॉकेटवर चार्ज केलेली वीज मात्र फ्रिज, गिझर आणि पाण्याच्या पंपाच्या युनिटांत मिसळून महावितरणच्या एकाच बिलात येते, आणि ते बिल बहुधा वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर असतं. कंपनीने हा खर्च द्यायचा तर चार्जरला वेगळा मीटर किंवा युनिटांची नोंद ठेवणारा चार्जर हवा. गाडी येण्याआधी याची सोय करावी, नंतर अंदाजाने आकडे भरत बसणं धोक्याचं.

दुसरा आक्षेप असा, की मी पगार घेतच नाही, मग पर्क्विझिट कसलं? कायद्याने ही फटही बुजवली आहे. संचालकाला किंवा कंपनीत मोठा हिस्सा असलेल्या व्यक्तीला कंपनीकडून मिळालेला लाभ, तो पगारदार नसला तरी, उत्पन्नातच धरला जातो. तिसरा आक्षेप थोडा तांत्रिक आहे: गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्न प्रकरणात म्हटलं आहे की कंपनीला खासगी वापर असा असूच शकत नाही, म्हणून कंपनीचा घसारा कापता येत नाही. हे बरोबर आहे आणि कंपनीच्या कामाचंही आहे. पण त्याच निकालातून हेही निघतं की त्या वापराचा हिशेब संचालकाच्या हातात व्हायला हवा.

कंपनीच्या नावाने इलेक्ट्रिक गाडी घेण्याचा सल्ला आपल्याकडे इतक्या जोरात का पसरला, याचं एक कारण ब्रिटनमध्ये आहे. तिथे स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून कंत्राटी काम करणारे आयटीतले बरेच लोक आहेत, त्यांत मराठी माणसंही आहेत, आणि त्यांना हा सल्ला खरोखर लागू पडतो. तिथे कंपनीच्या गाडीचं करपात्र मूल्य छापील किमतीच्या टक्केवारीत ठरतं. २०२५-२६ मध्ये ते इलेक्ट्रिकला ३ टक्के होतं आणि जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला ३७ टक्क्यांपर्यंत. ४० हजार पौंडांच्या इलेक्ट्रिक गाडीवर त्या वर्षी १,२०० पौंड उत्पन्नात धरले जात. ४० टक्के कर भरणाऱ्याला वर्षाला ४८० पौंड, मग तो गाडी कितीही खासगी फिरवो. वर नव्या इलेक्ट्रिक गाडीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा. सरकारने विचारपूर्वक दिलेली ही सवलत आहे, आणि तीही आटत चालली आहे: २०२९-३० पर्यंत ३ चे ९ टक्के होणार हे जाहीर झालं आहे. आपल्या पर्क्विझिटच्या नियमात इलेक्ट्रिकसाठी अशी सवलत नाही. पूर्ण खासगी वापराला आपल्याकडे किमतीचे १० टक्के आणि खर्च, तिथे २०२५-२६ मध्ये खर्चासकट ३ टक्के. लंडनच्या एखाद्या चुलतभावाचा अनुभव त्याच्यापुरता खरा आहे, तो पुण्यात उतरत नाही.

कर्जाच्या बाजूनेही कंपनी वाटते तितकी सोयीची नाही. व्यक्तीला बँक पगाराच्या स्लिपा, विवरणपत्रं आणि सिबिल पाहून कर्ज देते, आणि स्टेट बँकेसारख्या काही बँका इलेक्ट्रिक गाडीला व्याजात थोडी सूटही देतात. कंपनीकडून मागच्या वर्षांचे ताळेबंद, संचालक मंडळाचा ठराव आणि बहुतेक वेळा संचालकांची वैयक्तिक हमी मागितली जाते. त्या हमीवर सही केली की ‘लिमिटेड’ या शब्दाचं संरक्षण निदान या कर्जापुरतं गेलं. हप्ते थकले तर बँक कंपनीकडे जाईल आणि तुमच्याकडेही. शिवाय कंपनी कायद्यानुसार हा बोजा ३० दिवसांत निबंधकांकडे सीएचजी-१ अर्जाने नोंदवावा लागतो आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवावाही लागतो. आरसीवरचं हायपोथिकेशन काढलं आणि निबंधकांकडचा बोजा तसाच राहिला, तर पुढचं कर्ज मागताना तो वर येतो. कंपनी अडचणीत आली तर गाडीही देणेकऱ्यांच्या हिशेबात जाते, मग ती घरातली एकुलती एक गाडी का असेना.

व्यक्तीच्या बाजूने पूर्वी एक भक्कम मुद्दा होता. कलम ८०ईईबी नुसार इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरचं दीड लाखापर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होत असे, पण ते १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच. जाहिरातींत त्याचा उल्लेख अजून सापडतो, नव्या कर्जाला ते लागू नाही. ही सवलत सरकारने पुन्हा आणायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण नोकरदाराला आज घसाराही नाही आणि व्याजाची वजावटही नाही. काही जण मधला मार्ग म्हणून कंपनीकडूनच उसने पैसे घेऊन गाडी स्वतःच्या नावावर घेतात. ही वाट सगळ्यांत वाईट. १० टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने दिलेलं कर्ज, कंपनीच्या साठलेल्या नफ्यापर्यंत, लाभांश समजून करपात्र होतं, मग ते पुढे फेडलं तरी.

ज्यांची कंपनी नाही त्यांनी केवळ गाडीसाठी ती काढू नये. स्वतःच्या नावाने व्यवसाय करणारे डॉक्टर, वास्तुविशारद किंवा व्यापारी रीतसर वह्या ठेवत असतील तर त्यांनाही ४० टक्के घसारा आणि व्याजाची वजावट मिळते, फक्त घरच्या वापराचा हिस्सा वगळून. कलम ४४एडीए खाली जमेचा निम्मा भाग ठोकळ उत्पन्न म्हणून दाखवणाऱ्यांना वेगळा घसारा मिळत नाही, तो त्यातच धरलेला असतो. आणि ज्या संचालकाची गाडी आठवड्यातून एखाद-दोनदाच कंपनीच्या कामाला निघते, त्याने ती स्वतःच्या नावावर घ्यावी आणि त्या फेऱ्यांचा खर्च नोंदींच्या आधारे कंपनीकडून घ्यावा. त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागत नाही, निबंधकांकडे बोजा नोंदवावा लागत नाही, आणि पाच वर्षांनी गाडी विकून आलेले पैसे थेट त्याच्या खात्यात जमा होतात.